वादळाच्या कुठल्या अंगाला?

रोज सकाळी साडेअकराच्या सुमारास भारतीय हवामान खातं दिल्लीहून एक पत्रक काढतं. साडेआठच्या नोंदींवर ते बेतलेलं असतं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र या दोन्ही पाण्यांवर आत्ता काय चाललं आहे आणि येत्या सात दिवसांत कुठे वादळ धरू शकतं, एवढाच त्याचा विषय. वर्षातले बहुतेक दिवस त्यातल्या तक्त्यात ओळीने ‘शून्य’ लिहिलेलं असतं, आणि ते पाहायला कोणी जात नाही. मग एखाद्या दिवशी लक्षद्वीपच्या आसपास ढगांचा पुंजका जमतो. शून्याच्या जागी ‘कमी’ येतं, नंतर ‘मध्यम’, नंतर ‘जास्त’. तोवर वाहिन्यांवर एकच प्रश्न सुरू झालेला असतो: मुंबईला धडकणार का?

हा प्रश्न मला फार अपुरा वाटतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. वादळ माझ्या गावाच्या कुठल्या अंगाने जाणार? त्याचा वारा माझ्याकडे समुद्रावरून येणार की जमिनीवरून? लाट कुठवर पोचणार, आणि ती पोचेल तेव्हा भरती असेल की ओहोटी? यातल्या बहुतेकांची उत्तरं हवामान खात्याच्या आणि त्याच्या जोडीने काम करणाऱ्या संस्थांच्या पत्रकांत असतात. ती वाचली जात नाहीत, कारण आपली नजर नकाशावरच्या एका रेषेला चिकटून बसते.

हे पत्रक नुसतं भारतापुरतं नसतं. जागतिक हवामान संघटनेने चक्रीवादळांसाठी जगात सहा प्रादेशिक केंद्रं नेमली आहेत आणि उत्तर हिंदी महासागराचं केंद्र दिल्लीत आहे. बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीवपासून ओमान, येमेन, इराणपर्यंत भारत धरून तेरा देश त्याचा सल्ला घेतात. वादळांची नावंही याच तेरा देशांनी सुचवलेली. २०२० च्या एप्रिलमध्ये १६९ नावांची नवी यादी जाहीर झाली. तिच्यातलं पहिलं नाव बांगलादेशाने दिलेलं होतं, ‘निसर्ग’, आणि ते पुढच्या दोन महिन्यांच्या आत कोकणाच्या वाट्याला आलं.

पत्रकातली वाक्यं रुक्ष असतात. ‘आग्नेय अरबी समुद्रावर विखुरलेले खालचे व मधले ढग, त्यांत ठिकठिकाणी तीव्र ते अतितीव्र गडगडाटी ढग’, अशा थाटाची. पण यातला प्रत्येक शब्द मोजून आलेला असतो. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे उपग्रह समुद्रावरच्या ढगांच्या माथ्याचं तापमान टिपत असतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग जितका उंच तितकी त्याच्याखालच्या हवेची उसळी जोरदार. अमेरिकेत वादळात विमानं घालून दाब आणि वारा प्रत्यक्ष मोजतात. आपल्याकडे ती सोय नाही. त्यामुळे भर समुद्रातल्या वादळाचा जोर मुख्यतः ढगांच्या आकारावरून काढावा लागतो. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती वेढे घेतात, मध्ये डोळा उघडला आहे का, तो किती रेखीव आहे, हे पाहून आकडा ठरवायची पद्धत व्हर्नन डव्होरॅक या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. आजही जगभर तीच वापरतात. समुद्रातले तरंगते बॉय आणि जहाजांच्या नोंदी यांचा तिला आधार मिळतो. वादळ किनाऱ्याजवळ आलं की मुंबई आणि गोव्याचे डॉपलर रडार त्याला धरतात, आणि मग अंदाज अधिक पक्का होतो.

ढगांचा पुंजका फिरू लागला की त्याला दर्जा मिळतो. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल तोवर ते कमी दाबाचं क्षेत्र. ३१ पासून डिप्रेशन, ५१ पासून डीप डिप्रेशन. ६३ ला चक्रीवादळ होतं आणि नाव मिळतं ते तेव्हा. ८९ ला ते तीव्र होतं, ११८ ला अतितीव्र, १६७ ला त्याच्याही वरच्या दर्जाचं. २२२ च्या पुढे गेलं की महाचक्रीवादळ. हे आकडे तीन मिनिटांच्या सरासरी वाऱ्याचे आहेत. अधूनमधून येणारे झोत त्याहून जोराचे असतात. शिवाय वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला तर छपरावरचा रेटा चौपट होतो. ताशी ५० आणि ताशी १०० किलोमीटर यांतला फरक वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

या दर्जांमुळे एक गैरसमज मात्र पसरला आहे. नाव मिळालं म्हणजे धोका सुरू झाला, असं लोक धरून चालतात. होडीसाठी धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचे सोसाट्याचे वारे सांगितले की मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा निघतो, आणि तोवर वादळाचं बारसंही झालेलं नसतं.

वादळ धरायला लागतं काय? समुद्राचं पाणी किमान साडेसव्वीस अंश तापलेलं हवं, आणि तेही नुसतं वरवर नव्हे, तर पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. नाहीतर वादळ स्वतःच खालचं गार पाणी ढवळून वर आणतं आणि त्याचं इंधन तुटतं. हे इंधन म्हणजे वाफ. गरम पाण्याची वाफ वर जाऊन थिजते, त्यात साठलेली उष्णता सुटते, हवा आणखी वर जाते, खाली दाब आणखी उतरतो, भोवतालची ओली हवा आत धावते. धावणाऱ्या हवेला पृथ्वीच्या फिरण्याने वळण मिळतं. विषुववृत्तावर हे वळण नसतं, म्हणून पाच अंशांच्या आत सहसा वादळ बांधलं जात नाही. आपलं कन्याकुमारी आठ अंशांवर आहे, यावरून लक्षद्वीप-मालदीवचा पट्टा अरबी समुद्रातल्या वादळांचं माहेर का, ते कळेल. तिथून उत्तरेला पाणीही गरम आणि वळणही पुरेसं.

आता प्रश्न असा, की पाणी जून ते सप्टेंबरही गरम असतं, हवाही ओली असते, मग ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात चक्रीवादळं का होत नाहीत? कारण वर आणि खाली वेगवेगळे वारे वाहतात. पावसाळ्यात समुद्रालगत सोमालियाकडून येणारा जोरदार नैर्ऋत्य वारा असतो आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर तितकाच जोरदार पूर्वेचा वारा. वादळ म्हणजे उंचच उंच ढगांची उतरंड. खालच्या मडक्याला एकीकडे आणि वरच्याला दुसरीकडे ढकललं की ती उभीच राहत नाही. म्हणून वादळांचे हंगाम दोन: मोसमी पाऊस स्थिरावायच्या आधी एप्रिल ते जून, आणि तो परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. अपवाद घडतात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस कच्छच्या जमिनीवर असलेलं डीप डिप्रेशन पश्चिमेला सरकत समुद्रात उतरलं आणि तिथे त्याचं चक्रीवादळ झालं, ‘असना’. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात असं १९७६ नंतर प्रथमच घडलं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी या दोन हंगामांचा अर्थ सारखा नाही. मेअखेरीस कोकणात आगोटीची धांदल असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात. तेव्हाचं वादळ जमिनीवरचं नुकसान करतं. नोव्हेंबरमधलं वादळ मात्र मासेमारीच्या भर हंगामात येतं. आभाळ निवळलेलं, समुद्र शांत, बोटी आठ-आठ दिवसांसाठी लांब गेलेल्या. २००९ चं ‘फयान’ असंच आलं. ९ नोव्हेंबरला लक्षद्वीपच्या बाजूला डिप्रेशन झालं आणि ११ ला दुपारी ते अलिबाग आणि मुंबईच्या मधल्या किनाऱ्यावर चढलं. मधे दोन दिवस. दर्जा विचाराल तर ते साधं चक्रीवादळ होतं, ‘तीव्र’ही नव्हे. तरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत त्या तारखेला बेपत्ता झालेल्या खलाशांची नावं आजही निघतात. ज्याला किनारा जवळ आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांसाठी एकच दर्जा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘ओखी’ने केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छिमारांना असंच समुद्रात गाठलं आणि पुढे ते उत्तरेला सरकत गेलं. त्या दिवसांत दक्षिणेकडच्या साठहून अधिक बोटी शेकडो खलाशांसह सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला आल्या. तिथलं बंदर डोंगराच्या कुशीत आहे. वादळी समुद्रातून आलेल्याला ते नैसर्गिक आडोसा देतं. वादळाच्या वेळी कुठल्या बंदरात शिरता येईल, हे ज्ञान अजूनही कुठल्याही उपग्रहाइतकंच मोलाचं आहे.

आता ‘निसर्ग’कडे येतो, कारण माझा मूळ मुद्दा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. १ जून २०२० ला डिप्रेशन, २ ला चक्रीवादळ, ३ ला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. आदल्या रात्रभर सगळ्या देशाचा जीव मुंबईसाठी टांगणीला लागला होता, आणि संध्याकाळी ‘मुंबई वाचली’ असे मथळे आले. ते खोटे नव्हते. पण त्याच वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून मंडणगड, दापोलीपर्यंतचा पट्टा उद्ध्वस्त झाला होता आणि तिथले फोन बंद असल्यामुळे तिकडची बातमी बाहेर यायलाही वेळ लागला. तो मथळा मला अजून बोचतो.

मुंबई वाचली यात दैवाचा भाग आहेच, पण भूमितीचाही आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ‘निसर्ग’ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे निघालं होतं. त्याच्या चालीकडे तोंड करून उभं राहिलं तर मुंबई डाव्या हाताला येते आणि श्रीवर्धन-दापोली उजव्या. उजव्या अंगाला फिरणारा वारा आणि वादळाची स्वतःची चाल एकाच दिशेने असतात, त्यांची बेरीज होते. डाव्या अंगाला वजाबाकी. ढोबळ हिशोब करायचा तर शंभराच्या वेगाने फिरणारं वादळ ताशी वीसने पुढे सरकत असेल, तर उजवीकडे एकशेवीस आणि डावीकडे ऐंशी. आणि एवढ्यावर भागत नाही. उजव्या अंगाचा वारा समुद्रावरून जमिनीवर येतो, पाणी किनाऱ्यावर लोटतो. डाव्या अंगाचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, पाणी मागे ढकलतो. एकाच वादळाच्या दोन अंगांना असलेल्या दोन गावांत, शे-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात, दोन वेगळ्या आपत्ती घडतात.

श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली नावाजलेली सुपारी. सुपारीचं झाड उंच आणि बारीक. ते वाऱ्यापुढे वाकतं, आणि एका मर्यादेनंतर मधोमध मोडतं. त्या एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नवं रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. भाताचं नुकसान एका हंगामाचं असतं. हे नुकसान जवळपास दशकाचं होतं, आणि भरपाईचे निकष ठरवताना हा फरक ठळकपणे मांडायला हवा होता, असं माझं मत आहे.

डाव्या-उजव्या अंगाचं हे शहाणपण नवं नाही. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याला भयंकर वादळ झालं आणि पुढच्या वर्षी त्या बंदरात वादळाचे इशारे द्यायला सुरुवात झाली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याच्या जन्मामागे या आपत्तीचाही हात आहे. बंदरावर लागणाऱ्या बावट्यांची पद्धत त्या परंपरेतली. दिवसा शंकू आणि नळकांड्यांसारखे आकार, रात्री लाल-पांढरे दिवे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य वर्तमानपत्रांतून सर्वांच्या ओळखीचं आहे, पण एकूण अकरा बावटे कशासाठी, हे थोड्यांनाच माहीत असतं.

एक आणि दोन नंबर सांगतात, की वादळ दूर समुद्रात आहे. बंदराला धोका नाही, पण निघणाऱ्या जहाजाला असू शकतो. तीन म्हणजे बंदरात सोसाट्याचा वारा येईल. चार म्हणजे वादळाचा धोका आहे, पण अजून टोकाच्या खबरदारीची वेळ आलेली नाही. खरी गोम पुढे आहे. पाच, सहा आणि सात हे तिन्ही धोक्याचे बावटे आहेत, चढत्या धोक्याचे नव्हेत. पाच सांगतो, की वादळ बंदराला डाव्या हाताला ठेवून जाईल. सहा सांगतो, की उजव्या हाताला ठेवून जाईल. सात म्हणजे बंदरावरून किंवा अगदी जवळून. आठ, नऊ, दहा यांचीही तीच वाटणी, फक्त वादळ अधिक जोराचं. अकरा नंबर लागला तर समजायचं, की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. म्हणजे ज्यांनी ही पद्धत आखली त्यांना जहाजाच्या कप्तानाला सर्वांत आधी सांगायचं होतं ते ‘कुठल्या अंगाला’ हे. आपण ते विसरलो आणि आकडा मोठा म्हणजे धोका मोठा, एवढंच लक्षात ठेवलं.

ज्याला नकाशा पाहायला मिळत नाही त्यालाही वारा काही सांगतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, तर वादळाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. वादळ कोकणाला समांतर समुद्रातून उत्तरेला जात असेल, तर किनाऱ्यावर आधी आग्नेयेचा वारा लागतो, ते समोर आलं की दक्षिणेचा, आणि पुढे सरकलं की नैर्ऋत्येचा. वारा या क्रमाने फिरतो आहे आणि दाब चढतो आहे, म्हणजे केंद्र पुढे गेलं. बातमी वाचताना घोटाळा नको म्हणून एक सांगतो: वाऱ्याची दिशा सांगताना तो कुठून येतो ते सांगतात, आणि वादळाची दिशा सांगताना ते कुठे चाललं आहे ते. ‘नैर्ऋत्येचा वारा’ आणि ‘वायव्येकडे सरकणारं वादळ’ एकाच ओळीत आले की पुष्कळांची गल्लत होते.

नकाशावर वादळाच्या पुढच्या मार्गाभोवती रुंदावत जाणारा शंकू काढलेला असतो. तो वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्र कुठवर चुकून जाऊ शकतं तेवढंच दाखवतो. अलीकडच्या वर्षांत चोवीस तास आधीच्या अंदाजात केंद्राची जागा सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरने चुकते. जगाच्या तुलनेत ही कामगिरी चांगली आहे आणि वीस वर्षांपूर्वीच्या मानाने तर फारच चांगली. तरी अलिबाग ते श्रीवर्धन सरळ रेषेत अंतर तेवढंच आहे. म्हणजे एक दिवस आधी आपण डाव्या अंगाला येणार की उजव्या, हे त्या पट्ट्यातल्या कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. शंकूच्या मधली रेषा पाहून ‘आपल्याकडे येत नाही’ म्हणणं म्हणूनच घातक ठरतं.

आणि शंकूच्या पूर्ण बाहेर असलेल्यांचं काय? २०२१ च्या मेमध्ये ‘तौक्ते’ मुंबईला धडकलं नाही. १७ तारखेला ते सुमारे दीडशे किलोमीटर पश्चिमेकडून उत्तरेला गेलं आणि रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. पण मुंबई त्याच्या उजव्या अंगाला होती. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, मे महिन्यातला तिथला विक्रम. कुलाब्याला झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. मुंबईपासून दूर तेलविहिरींच्या भागात पी-३०५ या तराफ्याचे नांगर तुटले. त्यावर २६१ माणसं होती. तराफा बुडाला, नौदलाने खवळलेल्या पाण्यातून पुष्कळांना वर काढलं, तरी त्यावरच्या सत्तरहून अधिक माणसांचा जीव गेला. इशारा दिला गेला होता. तो तिथे कामाचे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत कोणत्या अर्थाने पोचला, हा प्रश्न मला हवामानशास्त्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्याआधी २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ रत्नागिरीपासून दूर समुद्रात तयार झालं, पश्चिमेला वळलं आणि आपल्यापासून लांब लांब जात महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात एवढ्या जोराचं वादळ २००७ च्या ‘गोनू’नंतर तेच. कुठल्याच किनाऱ्यावर न चढता ते समुद्रातच विरलं. पण कोकणात तेव्हा भात कापणीला आलेला होता. वादळाच्या कडेच्या पावसाने तो शेतातच आडवा झाला, कापलेला भिजला, दाण्यांना कोंब फुटले. मासेमारी ऐन हंगामात थांबली. ‘क्यार’ जिवंत असतानाच ‘महा’ नावाचं दुसरं वादळ त्याच समुद्रात उभं राहिलं. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं असण्याचा तो नोंदीतला पहिलाच प्रसंग. त्या वर्षी या समुद्रात एकूण पाच चक्रीवादळं झाली.

पूर्वी हिशोब असा मांडत, की बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एक. तो हिशोब आता डळमळला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना प्रसिद्ध केली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली होती, आणि ती समुद्रावर टिकून राहण्याचा एकूण काळ ८० टक्क्यांनी. समुद्र तापल्याचा हा परिणाम. मला यातला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो. वादळ जास्त दिवस टिकलं की जास्त दिवस बोटी बंदरात, जास्त दिवस लाटा किनाऱ्यावर. २०२३ च्या जूनमधलं ‘बिपरजॉय’ तेरा दिवस जगलं. त्याला ढकलणारे वारे क्षीण आणि परस्परविरोधी होते, म्हणून ते रेंगाळलं, आणि त्याच्या मार्गाचा अंदाजही पुन्हा पुन्हा बदलावा लागला. १५ जूनला ते कच्छमध्ये जखाऊजवळ चढलं. त्याच्या तीन दिवस आधी, ते मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर असताना, जुहूच्या समुद्रात चार मुलं बुडाली.

लाट वाऱ्याच्या फार पुढे धावते. वादळाखाली उठलेल्या लाटांतल्या लांब पल्ल्याच्या लाटा वादळाला मागे टाकून शेकडो, कधी हजारो किलोमीटर जातात. खोल पाण्यात त्या जाणवतही नाहीत; उथळ किनाऱ्याशी आल्या की उंच होतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा लाटांचे इशारे रोज काढते आणि हे इशारे वादळाच्या पत्रकापासून वेगळे असतात. कित्येकदा त्यांचं मूळ अरबी समुद्रात नसतंच. हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेला वादळी वारे सुटतात, तिथली लाट काही दिवसांनी केरळला पोचते आणि निरभ्र आभाळाखाली समुद्र घरांत शिरतो. ३१ मार्च २०२४ ला केरळात तेच झालं. कोकणालाही या लाटा पोचतात, आणि उधाणाच्या भरतीशी त्यांची गाठ पडली की किनाऱ्यावरचे रस्ते पाण्याखाली जातात. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या इशाऱ्याचं वजन वाढतं, भांगाच्या दिवसांत कमी होतं. मुंबई महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी जाहीर करते. ती यादी आणि इन्कॉइसचा इशारा शेजारी ठेवून वाचले, तर वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांना नेमकी घटका कळू शकते.

वादळ जमिनीवर आलं की त्याची वाफ तुटते, ते खचत जातं, आणि ते डिप्रेशनच्याही खाली उतरलं की दिल्लीचं वादळविषयक पत्रक थांबतं. तिथेही एक फसगत आहे. २६ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ चढलं. दर्जाने साधंच. ते तेलंगणातून खचत खचत पश्चिमेला निघालं आणि दोन दिवसांनी त्याच्या उरल्यासुरल्या ओलाव्याने मराठवाड्याला धुऊन काढलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, नदीकाठची माणसं छपरांवर अडकली. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या लातूर-बीडच्या शेतकऱ्याला बंगालच्या उपसागरातलं वादळ आपलं वाटण्याचं कारण नव्हतं. अशा वेळी वादळाच्या पत्रकाकडून जिल्हावार पावसाच्या इशाऱ्याकडे वळावं लागतं. तो मुंबई आणि नागपूरच्या प्रादेशिक केंद्रांकडून येतो आणि वादळ विरल्यानंतरही चालू राहतो.

‘गुलाब’ची गोष्ट मराठवाड्यातही संपली नाही. त्याचे अवशेष गुजरातवरून सरकत अरबी समुद्रात उतरले, तिथल्या गरम पाण्यावर पुन्हा बांधले गेले, आणि यादीतलं पुढचं, कतारने दिलेलं नाव त्यांना मिळालं: ‘शाहीन’. अरबी समुद्रातली वादळं ओमानला सहसा दक्षिणेकडे, सलालाहच्या बाजूला गाठतात. हे वादळ ओमानच्या आखातात शिरलं आणि ३ ऑक्टोबरला मस्कतच्या वायव्येकडच्या अल बातिना किनाऱ्यावर चढलं. उत्तर आंध्रच्या किनाऱ्यापासून तिथपर्यंतच्या आठवडाभराच्या प्रवासात दिल्लीच्या त्याच केंद्राने त्याचा माग ठेवला होता, आणि मस्कतमधल्या मराठी कुटुंबांना मिळालेल्या इशाऱ्यामागेही त्याच केंद्राची सल्लापत्रकं होती.